मुंबई ते हैदराबाद : आकाशातले अंतर आणि उंबरठ्याचे अंतर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "मुंबई ते हैदराबाद विमानाने किती लांब आणि किती वेळ." मंडळी हसली. त्यांना वाटले होते, हा कामगारांत हिंडणारा माणूस, हा मजुरीवर बोलेल, कंत्राटदारीवर बोलेल. मी त्यांना म्हटले, मी त्यावरच बोलणार आहे. ते कसे, हे आता आपणच पाहावे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण मोंढ्यात पोती वाहताना आणि रात्री वाचनालयात बसून झाले. तेव्हा मी पंडिताचा आव आणणार नाही. परंतु हमालाला एक गोष्ट चांगली कळते, ती म्हणजे अंतर. पन्नास पावले आणि सत्तर पावले यांतला फरक पाठीवर पोते असले म्हणजे जितका समजतो, तितका पुस्तक वाचून समजत नाही.

हीच दोन शहरे मी का घेतली? आपले गाव या दोन शहरांच्या ओढीत सापडलेले आहे म्हणून. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तोवर आपली राजधानी हैदराबाद होती. त्यानंतर ती मुंबई झाली. आपल्या आजोबांनी दाद मागायला हैदराबादेची वाट धरली, आपण मुंबईची धरतो. आणि आपली पोरे कामासाठी दोन्हीकडे जातात. परळी ते विकाराबाद या लोहमार्गावरचे आपले हे स्टेशन त्यांचे पहिले दार आहे.

आता हिशेबाकडे वळू. आकाशातले अंतर म्हणजे काय? पृथ्वी गोल आहे. तिच्या पाठीवर दोन ठिकाणांच्या मध्ये ताणून दोरी धरली, तर ती ज्या वाटेने बसेल ती सर्वांत जवळची वाट. वैमानिकाच्या भाषेत ते महावर्तुळाचे अंतर. ते काढायला यंत्र लागत नाही. नववीच्या मुलाला येणारे पायथागोरसचे गणित पुरते.

मुंबईचे विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. हैदराबादचे शमशाबाद विमानतळ १७.२४ अंश उत्तरेवर आणि ७८.४३ अंश पूर्वेवर. अक्षांशांतला फरक १.८५. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. म्हणजे हैदराबाद मुंबईहून २०५ किलोमीटर दक्षिणेस आहे. रेखांशांतला फरक ५.५६. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरांचा असतो. पण उत्तरेस सरकावे तशा या रेघा एकमेकींच्या जवळ येतात. आपल्या अठरा अंशांच्या पट्ट्यात तो १०५.७ किलोमीटर भरतो. म्हणजे हैदराबाद ५८८ किलोमीटर पूर्वेस आहे. २०५ चा वर्ग, ५८८ चा वर्ग, दोहोंची बेरीज, आणि तिचे वर्गमूळ. उत्तर येते सुमारे ६२२ किलोमीटर. एवढ्या जवळच्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईने फारसा फरक पडत नाही, म्हणून हे शाळेतले गणित चालून जाते. मुंबई–लंडनला ते चालणार नाही.

रेल्वेने हेच अंतर सुमारे ७९० किलोमीटर आहे. दीडशेहून अधिक किलोमीटर जास्त का? कारण रेल्वेला जमिनीचे ऐकावे लागते. ती मुंबईहून निघते, बोरघाट चढते, पुणे, दौंड, सोलापूर, कलबुर्गी असे करीत वाडीला जाते, तिथून तांडूर, विकाराबाद आणि मग हैदराबाद. बोरघाटाचा रस्ता १८६३ साली खुला झाला. तो खोदताना पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. वाडी ते सिकंदराबाद हा निजामाचा फाटा १८७४ साली सुरू झाला, आणि मुंबई व हैदराबाद ही शहरे रुळांनी जोडली गेली. ती वाट लांब खरी. पण वाटेत जी गावे लागतात, त्यांचीही ती वाट आहे. आकाशातली सरळ रेघ कुणाच्याच गावावरून जात नाही. म्हणजे जाते, पण थांबत नाही.

आता वेळ पाहा. विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते असे धरा. ६२२ भागिले ८००; उत्तर ४७ मिनिटे. पण तिकिटावर पाहाल तर वेळ दीड तासाच्या आतबाहेर लिहिलेला असतो. मग उरलेली चाळीसएक मिनिटे कुठे गेली? विमानाच्या चाकांना लावलेली ठोकळी काढली की वेळ मोजायला सुरुवात होते, आणि पलीकडे पुन्हा ठोकळी लागली की तो संपतो. म्हणजे धावपट्टीपर्यंतचे रांगणे त्यात आले, रांगेत उभे राहणे आले, चढणे आले, उतरताना वेग कमी करणे आले. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दी झाली की विमाने आकाशात घिरट्या घालतात. वाऱ्याचाही हात असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याच्या पाठीवर जाणारे विमान लवकर पोहोचते आणि त्याला तोंड देणारे उशिरा. अंतर तेच, वेळ निराळा.

थोडक्यात, अंतर निसर्गाने दिलेले आहे. वेळ मात्र पुष्कळ अंशी माणसांनी केलेला आहे. हे माझ्या भाषणाचे पहिले सूत्र.

याची साक्ष इतिहासात मिळते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाची थैली घेऊन लहानसे विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईला, जुहूच्या मैदानावर उतरवले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेळ्ळारीमार्गे ती टपाल मद्रासला नेली. अहमदाबादेस त्या विमानात पेट्रोल भरले ते बैलगाडीतून आणलेले. म्हणजे टाटांच्या विमानटपालाच्या वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून बैलाची चाल धरलेली आहे. पावसाळा आला की जुहूला चिखल होई, मग मुक्काम पुण्याला हलवावा लागे. हैदराबादेतही १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज निघाली. १९५३ च्या कायद्याने ती आणि इतर कंपन्या मिळून सरकारी इंडियन एअरलाइन्स झाली.

आणखी एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्री नागपुरास एकत्र येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटे ज्याची टपाल त्याच्या शहरी पोहोचे. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या सकाळी कलकत्त्यास! विमानांचा वेग तेव्हा आजच्या निम्म्याहून कमी होता. मग हे जमले कशाने? नागपूरच्या धावपट्टीवर रात्री बारा वाजता जागे राहून थैल्या उचलणाऱ्या माणसांनी ते जमवले. वेग यंत्रात असतो तितकाच तो व्यवस्थेत असतो, आणि व्यवस्था म्हणजे अखेर कुणाचे तरी जागरण.

घड्याळसुद्धा माणसाने केलेले आहे. रेखांशाचा एक अंश म्हणजे सूर्याची चार मिनिटे. म्हणून हैदराबादेत सूर्य मुंबईच्या आधी सुमारे २२ मिनिटे माथ्यावर येतो. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला एकच वेळ लावला. तो मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होता. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणीकामगारांनी त्याविरुद्ध काम बंद पाडले आणि दगडफेकही केली. शिकलेल्या लोकांना तो अडाणीपणा वाटला असेल. मला वाटत नाही. भोंगा ३९ मिनिटे आधी वाजला तर ती मिनिटे कुणाच्या झोपेतून जातात, हे त्यांना बरोबर कळले होते. मुंबईचा जुना वेळ काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होता.

आता दुसऱ्या सूत्राकडे येतो. त्यासाठी मला एक घडलेली गोष्ट सांगावी लागेल. गावातली आहे, म्हणून नावे घेत नाही.

आपल्याकडचा एक पोरगा हैदराबादेजवळ इमारतीच्या कामावर होता. बाप मुंबईकडे भिवंडीच्या पलीकडे वीटभट्टीवर. आई इथे घरी. एके रात्री अकराला फोन आला. पोरगा स्लॅबवरून पडला होता, दवाखान्यात होता, शुद्धीवर होता आणि आईबापाला बोलावीत होता. मी त्याच्या आईला घेऊन आपल्या स्टेशनावर गेलो. त्या रात्रीची गाडी मिळाली. डब्यात दाराशी बसायला जागा झाली. इथून हैदराबाद रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटर. सकाळी आम्ही दवाखान्यात होतो.

बापासाठी भिवंडीकडच्या आमच्या कार्यकर्त्यांनी ठरवले, विमानाने पाठवायचे. जन्मात विमान न पाहिलेला माणूस. त्याच्या वीस दिवसांच्या मजुरीएवढे तिकीट. वर्गणी गोळा होऊन तिकीट निघेपर्यंत पहाट झाली. सात तास गेले. भट्टीवरून रिक्षा, मग एस.टी., मग पुन्हा रिक्षा असे करीत तो नऊला विमानतळावर आला. तीन तास गेले. दारावरच्या शिपायाने ओळखपत्र मागितले. त्याचे आधारकार्ड उचल दिली तेव्हापासून मुकादमाच्या पेटीत पडले होते. मोबाइलवरचा फोटो चालेना. नवे कार्ड छापायचे तर त्याला जोडलेला फोन नंबर केव्हाच बंद पडलेला. साडेदहाचे विमान त्याच्या डोळ्यांदेखत गेले. एक पोरगा भट्टीवर जाऊन, मुकादमाशी भांडून, दुपारी कार्ड घेऊन आला. साडेपाचच्या विमानात तो बसला. सातला उतरला. शमशाबादहून शहरातल्या दवाखान्यात यायला गर्दीतून पावणेदोन तास लागले.

रात्री पावणेनऊला तो आला. पोरगा जाऊन तेव्हा दोन तास झाले होते.

मी हे तुमच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगत नाही. हिशेबासाठी सांगतो. आदल्या रात्रीच्या अकरापासून पावणेबावीस तास झाले. त्यांत विमान उडाले दीड तास. पंधरावा हिस्सा! मुंबईहून हैदराबादला रात्रीच्या रेल्वेला साधारण पंधरा तास लागतात. म्हणजे जे वाहन वेगवान म्हणून निवडले, त्याने बाप पोहोचला नाही. आणि आपल्या या जुन्या स्टेशनावरच्या, थांबत थांबत जाणाऱ्या गाडीने आई पोहोचली. तिने त्याच्या तोंडात पाणी घातले. बापाने आल्यावर विचारले, "काही बोलला का?" आईने सांगितले, "तुमची वाट पाहत होता."

यात विमानाचा दोष आहे काय? मुळीच नाही. विमानाने आपले काम दीड तासात चोख केले. मी यंत्राचा वैरी नाही. उद्या माझ्या गावच्या माणसाला विमान परवडले, तर मी पेढे वाटीन. पण ज्याच्या खिशात पैसा आहे, दारात गाडी आहे आणि कागद स्वतःच्या हाती आहे, त्याला मुंबई ते हैदराबाद पाच-सहा तासांत होते. ज्याच्याजवळ यांतले काही नाही, त्याला तेच ६२२ किलोमीटर बावीस तासांचे होतात. हे माझे दुसरे सूत्र : अंतर सर्वांना सारखे, वेळ मात्र ज्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे.

वेळापत्रक लिहिणारा मोजतो ते दोन धावपट्ट्यांमधले अंतर. माणसाचा प्रवास असतो दोन उंबरठ्यांमधला. हैदराबादचे विमानतळ २००८ सालापर्यंत बेगमपेठेत, शहरातच होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ते शमशाबादला, सुमारे चोवीस किलोमीटर बाहेर गेले. तिकिटावरचा उड्डाणाचा वेळ बदलला नाही, पण प्रवाशाचा दिवस बदलला. नवी मुंबईचे विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतुकीला खुले झाले. पनवेलकडच्या माणसाला ते जवळ आणि बोरिवलीकडच्याला लांब. आणि आपल्या जिल्ह्याचे काय? अहिल्यानगर–बीड–परळी लोहमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, आणि बीड शहराने आगगाडी पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे! जिल्ह्याच्या गावाला रूळ यायला एका पिढीचा काळ लागतो, तेव्हा उशीर यंत्राचा नसतो.

आता कायद्याची गोष्ट. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदाराने दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगाराला जाण्याचे आणि येण्याचे भाडे मिळावे, असे त्यात होते. आणि त्याच कलमात आणखी एक गोष्ट होती, जी फार थोड्यांनी वाचली : प्रवासाच्या काळाची मजुरी, जणू तो कामावरच आहे असे समजून, त्याला मिळावी. किती शहाणपणाचे कलम! प्रवासाचा वेळ हा कामगाराचा वेळ आहे, तो कुणी फुकट घेऊ नये, हे कायद्याने मान्य केले होते. अंमल फारसा झाला नाही, ही गोष्ट वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत गावी जाण्यायेण्याचे भाडे वर्षाला एकरकमी देण्याची तरतूद आहे. पण प्रवासाच्या काळाच्या मजुरीचे ते शब्द तिच्यात राहिले नाहीत. ते परत मिळवणे हे आमचे काम आहे, आणि तुमचेही.

आणि केवळ गरिबाचाच वेळ मोडतो असे समजू नका. विमान चालवणाराही पगारी माणूसच आहे. त्याच्या झोपेसाठी सरकारने नियम केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घातली. या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाला. पुढच्याच महिन्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण त्या नियमांना पुरतील इतक्या वैमानिकांची तजवीज झालेली नव्हती. लोक विमानतळांवर रात्री काढत बसले. शेवटी कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. पाहा, आकाशातला दीड तास कशावर उभा होता? वैमानिकाच्या न झालेल्या झोपेवर! मोंढ्यातला हमाल आणि विमानाचा वैमानिक यांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण थकलेल्या माणसाकडून वेळापत्रक पाळून घ्यायचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

मग आपण मागावे काय? तालुक्याला एक विमानतळ मागावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी साधे मागेन. रात्री आपल्या स्टेशनावर उतरणाऱ्या बाईला उजेड आणि बसायला जागा असावी. गाडीला बिनआरक्षित डबे पुरेसे असावेत. कामगाराचे कागद कामगाराच्याच हाती असावेत. मुकादमाच्या पेटीत ते सापडले, तर तो गुन्हा समजावा. आणि गावोगावच्या मंडळींनी संकटकाळच्या प्रवासासाठी एक पेटी ठेवावी, म्हणजे कुणाच्या बापाला वर्गणी गोळा होईपर्यंत सात तास थांबावे लागणार नाही. पहिल्या तीन गोष्टी सरकारकडून भांडून घ्यावयाच्या आहेत. चौथीला सरकार लागत नाही.

त्या घटनेनंतर मी त्या बापाला एकदा भेटलो. तो पुन्हा भट्टीवर जायला निघाला होता. मी विचारले, "विमानात कसे वाटले हो, मामा?" तो म्हणाला, "विमान काय, बसलो न बसलो तोच उतरलो. मला तर ते दार आठवतंय, जिथं मी दिवसभर उभा होतो."

बंधुभगिनींनो, मुंबई आणि हैदराबाद यांच्यातले आकाशातले अंतर ६२२ किलोमीटर आहे. ते कमी करणे कुणाच्या हातचे नाही. पण त्या दारापाशी उभे राहावे लागण्याचा वेळ आपल्या हातचा आहे. तो कमी करायला आपण लागू या.